धोंडजी सावकाश वाचत असे

निरोप घेऊन आलेला माणूस वखारीच्या दारात धापा टाकत उभा होता. कापड्याहून पोलादपूरपर्यंत तो धावतपळत आला होता आणि पुढे महाडपर्यंत सर्विस मोटारीने, तरी त्याचा दम उतरला नव्हता. "नानाशेट, धोंडजी गेला," तो म्हणाला. अशा वेळी माणूस हळहळतो, कधी गेला ते विचारतो. माझ्या तोंडून निघाले, "कोणी मारला?" आणि त्या माणसालाही त्यात काही वावगे वाटले नाही. "कोनी नाय," तो म्हणाला. "जेवला, पडवीत आडवा झाला, तो उठलाच नाय. पुस्तक छातीवर तसंच हाय अजून..." या गोष्टीला आता महिना उलटून गेला. त्या खोऱ्यातला जो कोणी वखारीत येतो तो पहिल्यांदा मी विचारले तेच विचारतो. धोंडजी एक तर कोणाला तरी मारून फासावर जाईल, नाही तर कोणाच्या तरी कोयत्याखाली जाईल, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. तो भर दुपारी, पोटभर जेवून, स्वतःच्या घोंगडीवर गेला याचा अचंबा अजून ओसरलेला नाही. तसे का झाले ते मला जेवढे ठाऊक आहे तेवढे लिहितो. मी लाकडाचा व्यापारी, ओंडक्याची जाडी-लांबी घेऊन घनफूट काढणारा माणूस. कवितेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण धोंडजीविषयी लिहायचे तर तिला टाळता येत नाही.

आम्ही एका वर्गात होतो. त्याच्या वडिलांनी त्याला शिकण्यासाठी आमच्या घरी महाडला ठेवले होते. खांद्यांनी रुंद, मानेने आखूड, आणि राग आला की आधी हात आणि मग शब्द. एका मुलाच्या डोक्यावर त्याने पाटी फोडली होती. पाटीची लाकडी चौकट त्या मुलाच्या गळ्यात अडकलेली मला अजून दिसते. मास्तर मात्र त्याला मारत ते वेगळ्याच कारणासाठी. धोंडजी फार हळू वाचत असे. अक्षरे त्याला चांगली येत होती, परंतु मोठ्याने वाचताना तो एक ओळ झाली की थांबे. "पुढे वाच!" मास्तर ओरडत. "थांबा मास्तर, हे अजून संपलं नाय," तो म्हणे. छडी बसे, तो पुढची ओळ वाची आणि पुन्हा थांबे. एके दिवशी त्याने मास्तरांच्या हातातली छडी हिसकून गुडघ्यावर मोडली. मास्तरांनी उरलेल्या अर्ध्या छडीने त्याला इतके झोडपले की पाठ फुटली. संध्याकाळी माझ्या आईने हळद लावली, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या गावी, कापड्याला, निघून गेला तो शाळेत परत आला नाही.

पुढे जमीन त्याच्याकडे आली, लग्न झाले. मूल जगले नाही. त्याच्या खालच्या अंगाला चुलतभाऊ भागोजीची खाचरे होती. डोंगरउताराची भातशेती म्हणजे पायऱ्या; वरच्याने पाणी सोडले तर खालच्याला मिळणार. एका वर्षी ऐन लावणीत पावसाने ओढ दिली आणि भागोजीने धोंडजीचा बांध फोडून पाणी खाली घेतले. धोंडजीने त्याला चिखलात गाठले. फावड्याच्या दांड्याने पहिला घाव डोक्यावर घातला आणि भागोजी पडल्यावर दुसरा पायावर. हाड मोडल्याचा आवाज वरच्या वाडीत ऐकू गेला असे लोक सांगत; मला ते खरे वाटत नाही, पण लंगडणे मात्र खरे आहे. भागोजीचा उजवा पाय त्यानंतर सरळ पडला नाही. धोंडजीला कैद झाली.

सुटून आल्यावर तो काही दिवस माझ्याकडे राहिला. त्याच सुमारास आमच्या महाडात, चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून माणसांना लाठ्यांनी झोडपण्यात आले होते. रस्त्यावर रक्त सांडले होते आणि झोडपणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत वर्तमानपत्र वाचणारे, जपजाप्य करणारे लोक होते. धोंडजी ओटीवर बसून बोटे मोडत ते ऐके. एकदा म्हणाला, "नाना, माझा बांध फोडला म्हणून मी एक डोकं फोडलं, तर मी खुनशी. ह्यांचं कोणी काय फोडलं व्हतं रे?" त्याची ती बोटे मोडण्याची सवय माझ्या बायकोला घाबरवीत असे. "त्यांच्या हाताला काहीतरी द्या हो," ती मला म्हणाली. म्हणून मी बाजारात पंचांगे-पोथ्या विकणाऱ्याकडून एक पुस्तक आणले. कादंबरी घेतली तर दोन दिवसांत संपेल, असा विचार करून कवितांचा संग्रह घेतला. कवीचे नाव मी मुद्दाम देत नाही. तो हयात आहे, आणि आपले पुस्तक कोणाच्या हातांत पडले हे वाचून त्याला काय वाटेल ते सांगता येत नाही.

घरी येऊन उघडतो तो मला फसवले गेल्यासारखे वाटले. पानाच्या मधोमध चार-सहा ओळी आणि चारी बाजूंनी कोरा कागद! शिवाय पाने कापलेली नव्हती. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून शिवलेले पुस्तक. वरच्या घड्या वाचणाऱ्याने आपल्या सुरीने कापायच्या. "अर्धा कागद फुकट घालवलाय," मी कुरकुरलो. धोंडजीने पान उजेडाकडे धरून पाहिले. "फुकट कसा? बांधाला जागा नको व्हय? बांध नसला तर वाफ्यात पाणी राहील का?" त्याने कमरेचा कोयता काढला, उंबऱ्याच्या दगडावर घासला आणि पहिली घडी इतक्या हलक्या हाताने उघडली की कागदाचा तंतूही सुटला नाही. त्या हाताने त्याने काय काय केले होते ते मला माहीत होते, म्हणून मी त्या हाताकडे बघत राहिलो.

तेव्हापासून त्याची रीत ठरली. एक घडी कापायची, एक कविता उघडायची आणि ती आपली झाल्याशिवाय पुढच्या घडीला कोयता लावायचा नाही. नांगरणीला एक, लावणीला एक, कापणीला एक असे त्याचे वाचन शेताच्या चालीने चाले. सकाळी एक ओळ घेऊन तो जोताबरोबर जाई आणि संध्याकाळपर्यंत तीच तोंडात घोळवी. बैलांना त्या ओळी माझ्या आधी पाठ झाल्या असतील. पण ते वाचन म्हणजे शांतीपाठ होता असे कोणी समजू नये. धोंडजी कवितेशी कुस्ती खेळे. कवी त्याला पटला नाही की शिव्या घाली, भिंतीवर मूठ मारी. एका कवितेत कड्यावरून पडणारे पाणी होते, आणि कवीने म्हटले होते की ते आवाज न करता पडते. धोंडजी भडकला. त्याच्या घरामागेच डोंगराचा कडा आहे, पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळते तेव्हा शेजारचे बोलणे ऐकू येत नाही. "हा कवी बहिरा हाय काय रे?" बाजारच्या दिवशी वखारीत येऊन तो माझ्यावरच ओरडला, जणू ती ओळ मी लिहिली होती. पुस्तक त्याने गोठ्यात भिरकावले होते. शेण पुसून पुन्हा वर ठेवले ते त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी. मग श्रावणातल्या एका बाजाराला तो पुन्हा आला. सागाच्या ओंडक्यावर बसला, विड्याचे पान जुळवले, खाल्ले नाही. "नाना," तो म्हणाला, "काल पलीकडच्या डोंगराला गेलतो. तिथनं आपला कडा बघितला. नुसती पांढरी रेघ... आवाज नाय, काय नाय. तो लांबनं बघत व्हता रे. मी जवळ उभा राहून भांडत व्हतो." आणि तो असा हसला की मलाही काही मिळाल्यासारखे झाले.

त्या ओंडक्यावर बसूनच मीही थोडे वाचायला शिकलो. तो पुस्तक आणत नसे, ओळ आणत असे. बाजाराला आला की एक ओळ सांगायचा आणि विडा चघळत बसायचा. मला आधी ते जड जाई. गिऱ्हाईक खोळंबलेले, गाड्या उभ्या. पण एका ओळीत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास होता. मी जन्मभर लाकडात बसलेला माणूस, ऐनाची आणि सागाची प्रत डोळ्यांनी सांगणारा. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा करवतीखालचा भुसा मुठीत घेऊन नाकाशी धरला. माझ्या मुनिमाला वाटले शेटना बरे नाही. ती ओळ मी त्या दिवशी किती वेळा मनात म्हटली असेन ते मोजले नाही, आणि मी सहसा मोजतो.

आता शिमग्याचे सांगतो. आमच्याकडे होळीआधी गावातले तरणे लोक लाकूड चोरतात. कुंपणाचा वासा, मोडके जू, कोणाचे दार, जे हाताला लागेल ते. मालकाने शिव्या द्यायच्या, तोही सणाचाच भाग. पण एकदा लाकूड होळीवर चढले की ते देवीचे. कोणी परत ओढले तर गावावर अरिष्ट येते असे मानतात. धोंडजीला हे लहानपणापासून ठाऊक. तरी त्याने पुस्तक ठेवले होते कुठे? वाळवी आणि उंदीर लागू नयेत म्हणून गोठ्याच्या आढ्याला दोरांनी टांगलेल्या जुन्या फणसाच्या डोणीत. डोण म्हणजे ओंडका कोरून केलेले, गुरांना आंबोण, भिजवलेले खाद्य, घालायचे भांडे. वापरातून गेलेली, वाळून ठणठणीत झालेली, होळीला याहून चांगले लाकूड खोऱ्यात नव्हते. ती कोणी नेऊ शकेल हे त्याच्या मनात आले नाही, आणि तीत कापडात गुंडाळलेले पुस्तक असेल हे नेणाऱ्यांच्या मनात आले नाही. नेणाऱ्यांत भागोजी पुढे होता. डोकेफोडीचा वचपा लंगड्या पायाने दुसरा कसा काढणार? डोण चोरायची, एवढाच त्याचा सूड.

त्या वर्षी मी सणाला कापड्यात होतो. दिवेलागणीला होळी पेटली, बोंबा सुरू झाल्या, ढोल वाजू लागला. ज्वाळा वर चढल्या तेव्हा धोंडजीला डोण दिसली. "माझं पुस्तक!" तो ओरडला आणि निघाला. पाच-सहा जणांनी त्याला धरले. "धोंडजी, देवीचं झालं ते! गावावर आनतोस काय?" त्याने एकाच्या नाकावर डोके मारले, दुसऱ्याला कोपराने पाडले, तिसरा त्याच्या दंडाला चावला आणि सोडीना, तेव्हा दोघेही होळीच्या काठावर लोळले. शेवटी तो सुटला आणि सरळ आत शिरला. पेटती डोण त्याने दोन्ही हातांनी कवटाळून बाहेर ओढली. कातडीचा वास आला... तो वास मी लिहून सांगू शकत नाही. डोण उलटली, पुस्तक धुमसत बाहेर पडले, वहिनींनी त्यावर लुगड्याचा पदर टाकला आणि दाबून धरला. धोंडजीने मागे वळून एक जळते लाकूड उचलले आणि भागोजीकडे गेला. भागोजी पळू शकत नव्हता. तो खाली बसला आणि हात डोक्यावर धरून म्हणाला, "दादा, मला ठाव नव्हतं. आईशप्पत, ठाव नव्हतं." लाकूड वर गेले. पुढे काय झाले याविषयी खोऱ्यात अनेक भाविक गोष्टी आहेत. मी आठ हातांवर उभा होतो. धोंडजीच्या तळहातांची सालटी निघाली होती, ओले मांस उघडे पडले होते. लाकूड त्याच्या हातात राहिले नाही, खाली घसरले. कवितेने त्याचा हात थांबवला असे मी म्हणणार नाही.

वैदूने खोबरेल लावून हातांना केळीची पाने बांधली. धोंडजी पडवीत भिंतीला टेकून बसला होता आणि अर्धा गाव अंगणात उभा होता. त्याने पुस्तक समोर उघडून धरायला लावले. आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मिटलेले पुस्तक कडांनी जळते. शिवणीची बाजू सोडून भोवतीचा तो कोरा कागद, ज्याच्यासाठी मी कुरकुरलो होतो, तेवढाच जळून गेला होता. मधल्या ओळी शाबूत होत्या. वरच्या सगळ्या घड्याही जळल्या होत्या, त्यामुळे न कापलेली पाने एकदम सुटी झाली होती. "नाना," तो म्हणाला, "आता कापायचं काय राहिलं नाय." मग अंगणाकडे बघून मोठ्याने म्हणाला, "ऐका सगळे. ह्याच्यासाठी जळलोय, हे आधी वाचून घेतो. फासावर गेल्यावर मला कोन वाचून दाखवनार? शेवटची कविता झाली की भागोजी संपला." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून माणसे जास्त घाबरली.

हात बरे झाले, पण बोटे आखडली. फावडे धरता येई. करपलेले नाजूक पान सुटे करता येईना. पाने उलटायचे काम वहिनींकडे आले. त्यांना अक्षर येत नव्हते. रोज दुपारी जेवणानंतर त्या त्याच्या शेजारी बसत आणि तो मान हलवील तेव्हा पान उलटीत. एकदा मला त्यांनी गोठ्याकडे बोलावून सांगितले, "भावजी, पुस्तक मोठं हाय ना हो? लवकर सरनार नाय ना?" मी घरी जाऊन हिशेब मांडला. राहिलेल्या कविता, त्याची जुनी गती. भागोजीला अमुक इतके पावसाळे मिळतील असा आकडा निघाला. तो मी कोणाला सांगितला नाही. भागोजीला लोक म्हणत, मुंबईला जा, गिरणीत लाग. "लंगड्याला गिरणीत कोन घेतंय?" तो म्हणे. बाजारात भेटला की इकडेतिकडे बघून हळूच विचारी, "नानाशेट, कितवी चाललीय?" मी सांगे. तो बोटे धरून मनाशी काही मोजी आणि जाई. त्या माणसाचे आयुष्य एका पुस्तकाच्या जाडीएवढे होते.

माझा हिशेब चुकला. जो माणूस हंगामाला एक कविता वाची तो आता दोन हंगामांना एक वाचू लागला. हा बदल एकदम झाला नाही. एका साली भागोजीचा बैल त्याच्या तयार भातात शिरला आणि सकाळभरात वाफा तुडवून गेला. धोंडजीने बैलाचे शिंग कोयत्याने उडवले, घराचे दार लाथेने मोडले आणि पुस्तक मागितले. त्या आठवड्यात त्याने एकामागून एक तीन कविता वाचल्या, थांबलाच नाही. वहिनींनी मला पुढे सांगितले ते असे. "मना अक्षर कळत नाय, पन करपल्याचे डाग कळतात. कुठलं पान कसं जळलंय ते मना पाठ हाय. तवा मी पुढचं पान नाय उलटलं, मागचं उलटलं. कड्यावरनं पडनाऱ्या पान्याच्या कवितेचं." मी विचारले, "मग? तो काय म्हणाला?" "काय नाय. वाचलं. मग मान हलवली, मी आनखी मागचं उलटलं. तेबी वाचलं." ती कविता त्याला वर्षानुवर्षे पाठ होती; झोपेत विचारले असते तरी सांगितली असती. वहिनींना वाटले आपण त्याला फसवले. मी त्यांचा समज दूर केला नाही. त्यांच्या अंगावरही त्याचा हात पडत असे, हे मला ठाऊक होते. "पुस्तक असलं की हात गुंतलेला ऱ्हातो," असे त्या एकदाच बोलल्या.

आमची शेवटची भेट वखारीत झाली. तो ओंडक्यावर बसला होता, केस पिकलेले, बोटे कोयतीसारखी वाकलेली. एकच कविता राहिली होती, आणि ती राहूनही बराच काळ झाला होता. मी सरळ विचारले, "धोंडजी, शेवटची कधी घेणार?" त्याने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत जुनी धग होती. ती गेली असे मी कधीच म्हणणार नाही. "घाई काय हाय?" तो म्हणाला. "भागोजी काय पळून चाललाय?" आणि मग आम्ही दोघे इतके हसलो की तराजूवरचा गडी बाहेर येऊन बघून गेला.

तिरडीला भागोजीने खांदा दिला. त्याच्या लंगड्या पायामुळे तिरडी एका अंगाला कलत होती, आणि कोणी त्याला बाजूला हो म्हणाले नाही. तेराव्यानंतर वहिनींनी पुस्तक कापडात बांधून माझ्या हातात दिले. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, भावजी. गावात ऱ्हायलं तर कोनीतरी वाचून संपवील."

गेल्या बाजाराला भागोजी आला. दारात घोटाळला, मग आत येऊन ओंडक्याच्या कडेवर बसला. धोंडजीच्या जागेवर नाही, जरा सरकून. "नानाशेट," तो म्हणाला, "ती शेवटची... तीत काय लिवलंय?" मी म्हटले मलाही ठाऊक नाही. "वाचा तर," तो म्हणाला. मी पुस्तक आणले, करपलेले पान दोन बोटांनी जपून सोडवले आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिसरीला तोंड उघडणार तोच त्याने हात वर केला, होळीपाशी डोक्यावर धरला होता तसा. "थांबा, थांबा. आजच्याला एवढंच." तो बराच वेळ ओठ हलवत बसला. मग काठी घेऊन उठला, पुढच्या बाजाराला येतो म्हणाला आणि त्या दोन ओळी तोंडात धरून लंगडत पोलादपूरच्या मोटारीकडे गेला. मी पान मिटले. माझ्या वखारीत चहूकडे लाकूड आहे. पुस्तक मी पत्र्याच्या डब्यात ठेवतो.